दोघांनी नाही म्हटलं, तिसरं विमान गेलं: आग विझवणारी विमानं आपल्याला हवीत का?

सुदामानगरी (धागाकर्ता)

महू-चोरलकडचे डोंगर उन्हाळ्यात पेटले की इंदुरातल्या मराठी गटांवर एक मागणी हमखास फिरू लागते. उत्तराखंडात हवाई दलाची हेलिकॉप्टरं येतात, अमेरिकेत भली मोठी जेट विमानं डोंगरावर लाल द्रावण ओततात, मग आमच्या विंध्य-सातपुड्यानंच काय घोडं मारलंय?

सध्या या मागणीसोबत एक जुना व्हिडिओही फिरतोय. ग्रीसच्या एविया बेटावरचा, जुलै २०२३ चा. पिवळं कॅनडेअर विमान डोंगराच्या अंगाला लागून येतं, पाणी सोडतं, पंखाचं टोक एका झाडाला घासतं, विमान उताराआड जातं आणि तिथून जाळाचा लोट उठतो. ग्रीक हवाई दलाचे दोन वैमानिक गेले, एक ३४ वर्षांचा, दुसरा २७ चा. खाली आपल्या लोकांचे जोडलेले हात आणि ‘वीरांना सलाम’.

सलाम करायलाच हवा. पण तो ठोकला की लोकांच्या लेखी विषय संपतो, आणि अशा अपघातांत खरं वाचण्यासारखं असतं ते चौकशीत.

ऑस्ट्रेलियातलं उदाहरण देतो. २३ जानेवारी २०२०, न्यू साउथ वेल्स, वणव्यांचा तो भयंकर उन्हाळा. सिडनीजवळच्या रिचमंड तळावरून सी-१३० जातीचं टँकर विमान निघालं. टाकीत सुमारे १५ हजार लिटर अग्निरोधक द्रावण, आत तीन अमेरिकन. जायचं होतं अडामिनाबीच्या आगीवर. अशा टँकरच्या पुढे राहून वाट दाखवणारं एक छोटं विमान असतं, तिकडे त्याला ‘बर्डडॉग’ म्हणतात. त्याच्या वैमानिकानं हवामान बघून कामगिरी नाकारली. एक बोइंग ७३७ टँकर तिथे फेरी मारून आला होता, त्यानंही पुन्हा येणार नाही म्हणून कळवलं. दोन्ही नकार नियंत्रण कक्षाला ठाऊक होते. तरी सी-१३० ची कामगिरी चालूच राहिली. अडामिनाबीला परिस्थिती वाईट दिसल्यावर त्यांना ‘गुड गुड’ नावाच्या दुसऱ्या आगीकडे वळवलं. तिथे साधारण २०० फुटांवरून थोडं द्रावण सोडलं, डावीकडे वळून चढताना वारा एकदम पालटला, विमानाची उचल गेली आणि सावरायला खाली उंचीच शिल्लक नव्हती. तिघंही गेले.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल ऑगस्ट २०२२ मध्ये आला. त्यात म्हटलंय की जायचं की नाही हे अग्निशमन सेवेनं वैमानिकावर सोपवलं, पण ठरवायला लागणारी सगळी माहिती त्याला दिली नाही. एखाद्यानं कामगिरी नाकारली तर ते पुढच्याच्या कानावर घालायचं, असा नियमच त्यांच्याकडे नव्हता.

आता माझं मत. एक, असं विमान पडलं की वैमानिकाच्या शौर्यावर किंवा चुकीवर बोलण्याआधी त्याला कुणी, काय सांगून धाडलं ते विचारावं. दोन, ज्यांच्याकडे ही यंत्रणा गेली कित्येक दशकं आहे त्यांची ही गत असेल, तर मध्य प्रदेशात विमानं-हेलिकॉप्टरं मागणं म्हणजे हौस आहे. तो पैसा बीटगार्ड (जंगलाच्या एका तुकड्याचा वनरक्षक) आणि फायर वॉचरवर (आगीच्या हंगामात राखणीला ठेवलेला माणूस) घाला. बोला.

चोरलची_वाट

काका, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. दुसरा अजिबात नाही.

एप्रिलमध्ये तिंछाच्या वरच्या धारेवर आम्ही होतो. समोरच्या डोंगरावर आगीची रेघ, रुंदीला फार तर हातभर, पण लांबी बघाल तर या सोंडेपासून त्या सोंडेपर्यंत. वनखात्याचे चार जण ओल्या डहाळ्यांनी झोडपत होते. एकाच्या पाठीवर ब्लोअर, त्यातलं पेट्रोल संपलेलं. एकाच्या पायात चक्क स्लिपर. एक तुकडा विझवून पुढे सरकले की मागचा पुन्हा धुमसायचा. वरून दोन-चार बादल्या पडल्या असत्या तर त्या चौघांना श्वास घ्यायला मिळाला असता. तुम्ही सुदामा नगरात पंख्याखाली बसून ‘हौस’ म्हणता, भिया, थोडं जपून.

आणि जमिनीवर माणूस मरत नाही असं थोडंच आहे? १३ जून २०२४, अल्मोड्याजवळ बिनसर अभयारण्य. आग विझवायला गेलेल्या वनखात्याच्या लोकांच्या गाडीला वणव्यानं गाठलं, चार जण गेले, आणखी चार भाजले. हवाई दलाचं हेलिकॉप्टर आलं ते त्यानंतर. आधी आलं असतं तर?

बंडू_सराफेवाला

आधी राजवाड्यामागच्या बोळात फायर ब्रिगेडची गाडी शिरेल एवढी जागा करा, मग विमानाचं बघू.

अंजली_रामबाग

बंडूभाऊ, अवांतर नको, धाग्याचं काश्मीर होईल.

मी वनस्पतीशास्त्र शिकवत असे, सातपुड्यात विद्यार्थ्यांना घेऊन बरीच फिरले, म्हणून जंगलाच्या बाजूनं थोडं लिहिते. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आग झाडांच्या शेंड्यांवरून पळते. निलगिरीच्या पानांत तेल, पाइनमध्ये राळ. उत्तराखंडात चीडच्या सुयांचा थर असतो, तोही राळेचा, शिवाय उभा उतार. आपल्याकडे साग, साजा, धावडा, सालई. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि जळतो तो खाली पडलेला पाचोळा. चोरलची_वाट म्हणतात तशी हातभर रुंदीची रेघच असते ती, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आतबाहेर उंचीची. मोठी झाडं सहसा तगतात. मरतात ती रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे, गोगलगायी. त्यांचे फोटो कुणी काढत नाही, म्हणून ते नुकसान दिसत नाही एवढंच.

अशी आग लागते कशी, हेही बघा. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणूनही जाळतात. तो जाळ विझवायचा राहिला की दुपारच्या वाऱ्याला आयता हातात सापडतो. काही ठिकाणी मोहाखाली जाळी बांधून फुलं गोळा करायला लागलेत. मग पाचोळा पेटवायची गरजच उरत नाही आणि फुलं मातीविना मिळतात, भाव बरा येतो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एका हंगामात उपग्रहानं टिपलेले आगीचे बिंदू दिलेत. ओडिशा पहिला, ५१,९६८. दुसरं आपलं मध्य प्रदेश, ४७,७९५. एवढ्या ठिकाणी कोण बादल्या घेऊन उडणार आहे?

निवृत्त_सार्जंट_महू

धागा वाचून राहवलं नाही. हवाई दलात हेलिकॉप्टर युनिटवर टेक्निशियन होतो. उडवत नव्हतो, उडण्यालायक ठेवत होतो.

पहिल्यांदा ती बादली काय असते ते. बांबी बकेट म्हणजे नारिंगी रंगाची, घडी होणारी कापडी बादली. एमआय-१७ च्या पोटाखालच्या हुकाला तारांनी लटकते. हेलिकॉप्टर तलावावर एका जागी थांबतं, बादली कलंडून बुडते, भरते, मग हळूहळू उचल घ्यायची. साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी. म्हणजे साडेतीन टन ओझं दोरीला, आणि हेलिकॉप्टर वळलं की ते आपल्या मर्जीनं झुलतं. आगीवर आल्यावर कॉकपिटमधून बटण दाबायचं, खालची झडप उघडते.

आता गंमत बघा. मे महिन्यात ४३-४४ अंशांत हवा विरळ होते, पंख्याला पकड कमी मिळते, इंजिनाचा दम घटतो. म्हणजे आग जेव्हा सर्वांत जास्त, तेव्हा बादली सर्वांत कमी भरायची. फार खाली उतरून टाकलं तर पंख्याचा वारा आगीलाच फुंकर घालतो आणि निखारे उडवतो. फार वरून टाकलं तर निम्मं पाणी हवेतच विखुरतं. त्यात विजेच्या उच्चदाबाच्या तारा. धुरातून तार दिसत नाही, खांब दिसतो, तोही दिसला तर. तलावात बुडालेलं जुनं झाड असेल आणि दोर त्याला अडकला तर बादली सोडून द्यायची, विचार करत बसायचं नाही.

हे सगळं असूनही आमची पोरं हे काम करतात. उत्तराखंड २०१६, नागालँड-मणिपूर सीमेवरचं झुकू खोरं जानेवारी २०२१, सरिस्का मार्च २०२२, गोवा मार्च २०२३, नैनिताल एप्रिल २०२४. त्याला हौस म्हणू नका.

आणि धागाकर्त्यांच्या पहिल्या मुद्द्याला माझा विरोध. विमानात शेवटचा शब्द कॅप्टनचा. खालून ब्रिगेडियर ओरडू दे नाहीतर मंत्री. तुम्हीच लिहिलंय की अडामिनाबीला त्यांनी परिस्थिती वाईट बघितली. म्हणजे वारा त्यांना कळला होता, डोळ्यांसमोर होता. मग दुसऱ्या आगीलाही नाही म्हणता आलं असतं. सगळं खापर कंट्रोल रूमवर फोडलं तर उद्या कॉकपिटमध्ये बसलेला विचार करणंच सोडून देईल. हे जास्त धोक्याचं.

सुदामानगरी

सार्जंटसाहेब, मनापासून धन्यवाद. बादलीची माहिती इतकी स्वच्छ कुठे वाचली नव्हती.

पण खापराबद्दल मी ठाम आहे. वैमानिकाला अधिकार होता, हे बरोबर. अधिकार माहितीवर चालतो. ‘तुझ्याआधी दोघांनी नाही म्हटलंय’ हे एक वाक्य कानावर पडलं असतं, तर दुसऱ्या आगीवर वळताना त्यानं तराजूत आणखी एक वजन टाकलं असतं. टाकलं असतंच असं नाही, पण ते वजन त्याच्या हातात तरी असतं. आणखी ऐका, त्या विमानात वाऱ्याच्या अशा पालटाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा बसवलेली नव्हती. विमान मुळात अमेरिकी नौदलाचं, १९८१ चं. कॉकपिटमधला संवाद नोंदवणारं यंत्र होतं, पण त्यात त्या फेरीतला एक शब्दही नोंदला गेला नव्हता. म्हणजे आत तिघं काय बोलत होते हे कुणालाच कळणार नाही, आणि आपण त्यांच्या वतीनं ठरवतोय की त्यांना सगळं कळलं होतं.

जुन्या विमानांवरून आठवलं. २००२ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरानं दोन टँकर पडले. १७ जूनला कॅलिफोर्नियात वॉकर गावाजवळ सी-१३०ए चे दोन्ही पंख हवेतच मोडले, तिघं गेले. १८ जुलैला कोलोरॅडोत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या प्रायव्हेटियर विमानाचा पंख तुटला, दोघं गेले. दोन्हीकडे धातूला थकव्याच्या भेगा. लष्करानं मोडीत काढलेली विमानं खासगी ठेकेदारांनी घ्यायची, त्यात टाकी बसवायची आणि झाडांच्या शेंड्यांवरून भरल्या वजनानं हेलकावे खात न्यायची. पुढे २००४ मध्ये त्यांच्या वन सेवेनं ३३ मोठ्या टँकरचे करार रद्द केले. आता सांगा, इथे कुणी ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून असलंच काही आणलं तर?

चोरलची_वाट

म्हणजे कुणी तरी जुनी गाडी ठोकली म्हणून आपण गाडीच घ्यायची नाही? २००२ नंतर त्यांनी नियम बदलले, पुढे जेट विमानं आणली. अपघातातून शिकून पुढे गेले. तुम्ही शिकून मागे जायला सांगताय.

मंजिरी_सिडनी

मी मूळची राजेंद्र नगरची, आता सिडनीत. त्या उन्हाळ्यात इथेच होते. दुपारी चारला दिवे लावायची वेळ, आकाश नारिंगी, बाल्कनीत राख. आमच्या न्यू साउथ वेल्समध्ये पन्नास लाख हेक्टरांहून जास्त जंगल जळालं, सुमारे २,४०० घरं गेली. इथली ग्रामीण अग्निशमन सेवा बहुतांशी स्वयंसेवकांवर चालते. सुतार, शिक्षक, दुकानदार, कामावर रजा टाकून आगीवर जाणारे. सगळ्यांच्या तोंडी एकच: विमान कधी येणार?

म्हणून धागाकर्त्यांना सांगावंसं वाटतं की कंट्रोल रूममधला माणूस काही खलनायक नसतो. एका बाजूला जळणारी गावं, फोनवर रडणारी माणसं, दुसऱ्या बाजूला एकच मोठं विमान हवेत तयार. त्या खुर्चीत बसून ‘परत या’ म्हणायला जी छाती लागते ती आपल्यातल्या किती जणांकडे आहे?

पण दुसरीही बाजू इथेच राहून कळली. विमानानं आग विझत नाही. त्या लाल द्रावणात खतात असतात तसे अमोनियम फॉस्फेटचे क्षार असतात. ते आगीच्या पुढ्यात पट्टा आखतं, आग मंदावते, आणि त्या वेळात जमिनीवरच्या माणसानं पोचून काम संपवायचं असतं. माणूस पोचला नाही तर ते द्रावण वाया. अमेरिकेतल्या आग विझवणाऱ्यांत तर कॅमेऱ्यासाठी टाकलेल्या पाण्याला ‘सीएनएन ड्रॉप’ म्हणतात. पुढारी उभा, मागे विमान, संध्याकाळच्या बातम्या झकास.

खरा उपयोग पहिल्या तासात. वीज पडली, दरीत धूर दिसला, रस्ता नाही, माणूस पोचायला पाच तास, तिथे छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर वीस मिनिटांत पोचून आग लहान असतानाच दाबतं. भारतात मात्र हवाई दलाला बोलावतात ते आग टीव्हीवर आल्यावर.

लेखापाल

पैशाचं कुणी बोलत नाहीये, म्हणून मी.

इतक्या वर्षांत भारतातल्या एकाही राज्याला स्वतःचं टँकर विमान परवडलेलं नाही, त्याचं कारण सोपं आहे. वनखात्याचा आगीचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून. उरलेले आठ महिने विमान उभं, वैमानिकाचा पगार चालू, देखभाल चालू. म्हणून तर ऑस्ट्रेलिया उत्तर गोलार्धातली विमानं तिकडच्या हिवाळ्यात भाड्यानं आणते. त्या सी-१३० मध्ये अमेरिकन का होते याचं उत्तर तेच. कॅनडातल्या क्युबेकची दोन कॅनडेअर विमानं दरवर्षी शरदात लॉस एंजेलिसला भाड्यानं जातात.

आता नीट बघा. दक्षिण गोलार्धाचा हंगाम मार्चपर्यंत संपत येतो, अमेरिकेचा मोठा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. आपला मधल्या खाचेत, मार्च ते मे. भाड्यानं घ्यायला यापेक्षा सोयीचं काय? विकत घेऊ नका, केंद्रानं चार-सहा विमानं तीन महिन्यांसाठी भाड्यानं घ्यावीत, नागपूरला ठेवावीत, मध्य भारत सगळा टप्प्यात येतो.

अंजली_रामबाग

लेखापाल, हिशेब कागदावर सुरेख आहे, पण आपल्या आगीला कोणत्या पाण्याचा मारा लागू पडतो ते बघा ना. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, त्यामुळे पाणी जमिनीपर्यंत पोचेल, हे मी कबूल करते, उलट घनदाट पाइनपेक्षा सोपं. पण रेघ किलोमीटरभर लांब, वाकडीतिकडी, नाल्यात उतरलेली. विमानाचा पट्टा सरळ पडतो. आग दोन्ही टोकांनी वळसा घालून पुढे जाते. तीच रेघ फेब्रुवारीत वेळेवर काढलेल्या फायर लाइनशी (साफ करून ठेवलेल्या मोकळ्या पट्ट्याशी) येऊन आपोआप थांबते, तिथे जाळायला पाचोळाच नसतो. आपल्याकडे फायर लाइन काढली जाते ती कागदावर पूर्ण रुंदीची आणि डोंगरावर जमेल तेवढी.

आणि यशवंत सागर तलावातून पाणी उचलायचं कुणी सुचवणार असेल तर आधीच सांगते, ती रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) आहे, सारस येतात तिथे.

बंडू_सराफेवाला

आपलं रालामंडल अभयारण्य दोन-अडीच चौरस किलोमीटर. सी-१३० नं एक फेरी मारली तर होळकरांचं शिकारगृह लाल आणि उरलेलं द्रावण बायपासवरच्या ट्रकांवर.

निवृत्त_सार्जंट_महू

बंडूभाऊ, हे मात्र बरोबर बोललात. विंध्याच्या दऱ्यांत मोठं विमान कामाचं नाही, वळायला जागा नाही. हेलिकॉप्टरच.

मंजिरीताईंचं पटलं. सरिस्कात आग दोन दिवसांची झाल्यावर हेलिकॉप्टरं गेली. सिलीसेढ तलावातून पाणी भरून डोंगरापर्यंत एक फेरी, मग परत. पाणी किती लांब यावर सगळं अवलंबून. दहा मिनिटांची फेरी असेल तर काम होतं, पाऊण तासाची असेल तर इंधन जळतं आणि फोटो येतात.

सुदामानगरीसाहेब, तुमच्या तराजूबद्दल. आमच्याकडे उड्डाणाआधी हवामानाचं ब्रीफिंग असतं, कामगिरी अधिकृत करणारा अधिकारी असतो, त्याची सही असते. नाही म्हटलेल्या माणसाकडे कुणी भेकड म्हणून बघत नाही, निदान मी होतो तिथे बघत नसत. खासगी ठेक्यात फेरीवर पैसे असतील तर तिथली हवा वेगळी असेल, ते मी मानतो. दक्षिण कोरियात मार्च २०२५ मध्ये उइसाँगच्या वणव्यात हेलिकॉप्टर पडलं. यंत्र जुनं, वैमानिक ७३ वर्षांचा. दहा-अकरा दिवसांनी देगूला दुसरं पडलं, तिथे वैमानिक ७४ चा. त्या वयात मला स्कूटर काढताना बायको हटकते. अशा माणसाला त्या दिवशी आगीवर पाठवणारा कोण, हा तुमचा प्रश्न तिथे मला पटतो.

चोरलची_वाट

सगळे विमानावर घसरलात. माझ्या त्या चार माणसांचं काय? वैमानिकाला निदान नकाराचा हक्क आहे, त्यावर अहवाल निघतो, परदेशात बसून मंजिरीताई तो वाचतात. रोजंदारीवरचा फायर वॉचर कुणाला नाही म्हणणार? उद्या कामावर येऊ नको, संपलं. अमेरिकेत जून २०१३ मध्ये ॲरिझोनाच्या यार्नेल हिलवर एकाच तुकडीतले १९ जण जमिनीवर जळून गेले. डोक्यावर मोठं डीसी-१० टँकर घिरट्या घालत होतं, धुरात त्यांची जागाच सापडली नाही. तेव्हा ‘विमान धोक्याचं, माणूस पाठवा’ हा हिशेब मला समजत नाही. माणूसच स्वस्त पडतो, असं सरळ म्हणा.

सुदामानगरी

हा प्रतिसाद मला झोंबला आणि झोंबायलाच हवा होता. पण बघ, तू माझ्याच बाजूनं बोलतोयस. बिनसरमध्ये काय झालं? वारा फिरला, उतारावर आग खालून वर पळते आणि माणसं वर होती. त्या दुपारी तिथे जाणं शहाणपणाचं नाही, असं खालच्या कुणाला वाटलं असेलच. ते वाटणं वरच्या कार्यालयात पोचायला वाटच नाही. ऑस्ट्रेलियात निदान दोन नकार टेबलापर्यंत आले आणि मग अडले. आपल्याकडे नकार माणसाच्या गळ्यातच राहतो.

आपली सूचना यंत्रणा बघ. उपग्रह दिवसा-रात्री ठरावीक वेळी वरून जातो, ३७५ मीटरच्या चौकटीत कुठे तरी आग आहे असं सांगतो, बीटगार्डला मोबाइलवर निरोप येतो. असले निरोप धाडण्यात मध्य प्रदेश देशात आघाडीवर होता, हे कौतुकानं सांगतो. पण निरोप एकाच दिशेनं जातो. ‘पोचलो, वारा उलटा आहे, तीन माणसं आहेत, आत शिरत नाही’ असं उलट कळवलं तर ते कुणाच्या वहीत चढतं? माझी मागणी त्या वहीची आहे. विमान असो, बादली असो, स्लिपर घातलेला वॉचर असो.

लेखापाल

वहीला पैसे लागत नाहीत, म्हणून तिची मागणी कधी मंजूर होत नाही. निविदा निघेल असं काही तरी मागा.

मंजिरी_सिडनी

लेखापाल, हसले. त्या अहवालानंतर इथे नकाराबद्दल कार्यपद्धती लिहिली गेली आणि त्या सी-१३० च्या मालक कंपनीनं आपल्या विमानांत वाऱ्याची सूचना देणारी यंत्रणाही बसवली. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात, फिट्झजेराल्ड रिव्हर राष्ट्रीय उद्यानात, तिचाच ७३७ टँकर कड्याला घासून पडला. दोघेही वैमानिक जिवंत बाहेर आले. म्हणजे वहीनं सगळं थांबतं असं नाही, काका.

आणि एक, चोरलला ड्रोन उडवणाऱ्यांसाठी. ९ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या आगीत एका हौशी माणसाचा ड्रोन कॅनडेअरच्या पंखात घुसला, भोक पडलं, ऐन गरजेला विमान जमिनीवर. रील काढायची हौस होती त्याला.

निवृत्त_सार्जंट_महू

चोरलची_वाट, तुझी मागणी मी उचलून धरतो, पण एका अटीवर. समजा उद्या हेलिकॉप्टर मंजूर झालं. पाणी कुठून भरणार? चोरल धरण जवळ आहे, पण मे महिन्यात तिथे बादली बुडेल एवढी खोली कोणत्या टोकाला राहते? दरीतून उच्चदाबाच्या तारा कुठून कुठे जातात? हेलिकॉप्टर उतरवायला सपाट जागा कुठे, धूळ किती उडेल? हवाई दल आलं की पहिल्या तासात हेच विचारणार, आणि तुम्ही ज्या पहिल्या तासाचं महत्त्व सांगताय तो यातच जाणार. असा नकाशा कुणाकडे तयार आहे?

चोरलची_वाट

नाहीये, माझ्या तरी पाहण्यात नाही. तारांच्या मनोऱ्यांची ठिकाणं आम्ही ट्रेकला जाता-येता जीपीएसवर घेऊ शकतो, धरणाच्या काठचं मासेमारी करणाऱ्यांना विचारतो. अंजलीताई, फायर लाइन कुठे अर्धवट सोडलीय ते तुम्ही दाखवा, तेही टाकू. मग तो नकाशा घेऊन वनखात्याकडे जाऊ. वहीचा अर्ज काकांनी लिहावा.

हेलिकॉप्टरची मागणी मी मागे घेतलेली नाही, हेही त्याच अर्जात लिहा.